मिटलेली बाटली: व्होल्नेची लाल बर्गंडी ठेवावी कशी, चाखावी कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एका घरी व्होल्ने प्रमिए क्रू (वरून दुसऱ्या दर्जाचा मळा) 'कायेरे', साल २०१९, अशा सहा बाटल्या होत्या. मुलाने फ्रान्सहून येताना तीन खेपांत दोन-दोन करून आणलेल्या. त्यातली एक पाहुणे आले म्हणून घरच्या फ्रीजमधून काढली आणि लगेच उघडून ओतली. रंग फिका, वास जवळजवळ नाहीच, तोंडात आंबट आणि तुरट. आता विचारणा अशी की पैसे पाण्यात गेले का, उरलेल्या पाच कशा सांभाळायच्या, कधी उघडायच्या, आणि या वाइनमध्ये चव बघायची ती नेमकी कशाची?

पैसे बहुधा पाण्यात गेलेले नाहीत. त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात: वाइन फार गार होती आणि तिचं वय अडनिडं होतं. तिसरी शक्यता बुचाच्या दोषाची आणि चौथी वाटेत ऊन लागल्याची. चारही ओळखता येतात, पण त्याआधी बाटलीत काय आहे ते बघू.

व्होल्ने हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या कोत दोर या पट्ट्यातलं, बोन शहराच्या दक्षिणेचं छोटं गाव. त्याच्या नावाने फक्त लाल वाइन निघते आणि ती पिनो न्वार या एकाच द्राक्षाची. गावात एकही ग्रां क्रू (सगळ्यात वरच्या दर्जाचा मळा) नाही, पण प्रमिए क्रूंमध्ये कायेरेचा मान फार जुना. नावातच दगडगोटे आहेत. माती पातळ, चुनखडीची. शेजारच्या पोमारमध्ये चिकणमाती आणि लोह जास्त, म्हणून तिथली वाइन धिप्पाड आणि तुरट, व्होल्नेची तलम. या तलमपणासाठीच माणसं तिला जपतात, आणि नवख्याची फसगतही इथेच होते, कारण तलम वाइन मिटलेली असताना पाणचट वाटते.

रंगाची काळजी सोडून द्या. पिनो न्वारच्या सालीत रंगद्रव्य मुळातच कमी असतं. पेला तिरपा धरून पांढऱ्या कागदावर बघितलं तर खालची अक्षरं वाचता येतात, आणि तसंच असायला हवं. बघायची ती कड. तरुण बर्गंडीची कड गुलाबी-जांभळट, दहा-बारा वर्षांनी माणकासारखी, वीस वर्षांनी विटकरी. सहा-सात वर्षांच्या २०१९ ची कड आत्ताच तपकिरी दिसली, तर मात्र बाटलीने कुठेतरी ऊन खाल्लं आहे.

आता मिटण्याबद्दल. चांगली लाल बर्गंडी बाटलीत भरल्यावर पहिली दोन-तीन वर्षं फळांच्या वासाने नुसती घमघमते. मग हळूहळू गप्प होते. ताज्या फळाचा पहिला बहर ओसरलेला असतो, टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य) आणि रंगद्रव्यं एकमेकांना बांधली जात असतात, आणि वयाचे वास (वाळलेला गुलाब, पालापाचोळा, अळंबी) अजून उमटलेले नसतात. या मधल्या काळात पुढे येतो फक्त सांगाडा, म्हणजे आंबट आणि तुरट. प्रमिए क्रूचा हा काळ साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून आठव्या-नवव्यापर्यंत धरावा. सगळ्या सालांत सारखं होत नाही. २००५ सारख्या टणक सालाच्या बाटल्या वर्षानुवर्षं मिटून राहिल्या; २०१७ चं साल मोकळं, लवकर बोलणारं. २०१९ उष्ण आणि कोरडं गेलं, पीक कमी आलं, पण आम्लता टिकली, म्हणून त्या वाइनला लांबचा पल्ला आहे. तुमची बाटली उघडली गेली ती नेमकी मधल्या वाटेवर.

त्यात थंडी. घरच्या फ्रीजमध्ये चार-पाच अंश असतात. इतक्या गारव्यात वास उडत नाही, आणि टॅनिन व आम्ल दोन्ही दुप्पट टोचतात. लाल बर्गंडी प्यायची ती १४ ते १६ अंशांना. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला जिथून आला तिथली जुनी दगडी खोली १६-१७ अंशांची असायची. पुण्यातली एप्रिलची खोली नव्हे. फ्रीजमधली बाटली २८ अंशांच्या खोलीत १५ वर यायला पाऊण तास घेते. वाइन कूलरमधल्या १३ अंशांवरून १६ वर यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि पेल्यात ओतलेली वाइन त्याच खोलीत तितक्याच वेळात अठराच्या पुढे जाते. मग मद्यार्क नाकात चढतो आणि वाइन विस्कटते. म्हणून थोडी-थोडी ओतायची, आणि बाटली नळाच्या पाण्यात बर्फाचे चार खडे टाकलेल्या भांड्यात उभी ठेवायची. बर्फाने भरलेल्या बादलीत नको.

आता दोष कसा वेगळा काढायचा ते. बुचातला दोष टीसीए नावाच्या संयुगाचा. एका लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही काम बिघडतं. प्रमाण जास्त असेल तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट गोणपाटाचा वास येतो आणि शंका उरत नाही. फसवा असतो तो कमी प्रमाणातला टीसीए: पुठ्ठ्याचा वास जाणवत नाही, नुसतं फळ पुसलं जातं. म्हणजे दिसायला अगदी मिटलेल्या वाइनसारखं! दोघांना ओळखायची एकच भरवशाची रीत आहे, ती म्हणजे वेळ. पेल्यात ६० मि.ली. ओता, वर बशी झाकून तासभर ठेवा, मग हुंगा. मिटलेली वाइन त्या तासात थोडी तरी उघडते. चेरी, एखादं फूल, काहीतरी डोकावतं. टीसीए लागलेली जसजशी कोमट होते तसतशी आणखी बिघडते आणि पुठ्ठा स्पष्ट होतो. तुम्ही ती गार असतानाच संपवली, म्हणून आज छातीठोक सांगता येत नाही. पुढच्या वेळी ही परीक्षा न चुकता करा.

ऊन लागलेली वाइन वेगळी असते. तिला शिजवलेल्या फळाचा, मुरांब्याचा, मनुकांचा वास येतो आणि चव सपाट, गोडसर, लवकर संपणारी. तुमच्या वर्णनात हे काहीच नाही, ही चांगली खूण. तरी उरलेल्या पाचही बाटल्या उजेडात तपासा. १३ अंशांची वाइन ३५ वर गेली की ७५० मि.ली.चं आकारमान साधारण चार-पाच मि.ली.ने वाढतं. मानेतल्या मोकळ्या जागेत ते जेमतेम मावतं, म्हणून बूच वर ढकललं जातं किंवा वाइन त्याच्या कडेने झिरपते. बुचावरचं पातळ टोपण बोटांनी फिरवून बघा: सहज फिरलं तर ठीक; चिकटलं असेल किंवा मधोमध फुगवटा लागला तर बाटली तापलेली आहे. (काही उत्पादक टोपण मुळात घट्टच बसवतात, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये.) मानेतली पातळीही मोजा. सात वर्षांच्या बाटलीत बुचाखाली दीड-दोन सेंटिमीटर रिकामं असणं नेहमीचं. पाचही शेजारी उभ्या करा; एकीची पातळी बाकीच्यांहून सेंटिमीटरभर खाली दिसली तर ती सगळ्यात आधी प्यायची. जी खेप मे महिन्यात आली असेल तिच्या बाटल्यांच्या मानेत दोरा बांधून चिठ्ठी लावा. त्यांच्यावर लांबचा भरवसा ठेवू नका.

सांभाळायचं कसं? बर्गंडीतली तळघरं बारा-तेरा अंशांच्या आसपास राहतात, हिवाळ्यात थोडी खाली, उन्हाळ्यात थोडी वर. हा संथ हेलकावा वाइनला बाधत नाही. बाधतो तो रोजचा चढउतार, कारण दर वेळी वाइन फुगते-आकसते आणि बूच पंपासारखं थोडी हवा आत घेतं. त्यामुळे कायम १५ अंश हे दिवसा १८ आणि रात्री १२ यापेक्षा कितीतरी बरं.

पुण्यात, नाशकात, नागपुरात, मुंबईत दहा वर्षं ठेवायची असेल तर कॉम्प्रेसरवर चालणारा वाइन कूलर हवाच. बिनकॉम्प्रेसरचे छोटे, स्वस्त कूलर खोलीपेक्षा दहा-बारा अंशच खाली जाऊ शकतात; मे महिन्यात खोली ३३ ला असली की आत २१-२३. नेमकी ज्या चार महिन्यांत मदत हवी तेव्हाच ते हात टेकतात. कूलर १३ वर लावा. दर्शनी आकड्यावर विसंबू नका. पाण्याने भरलेल्या बाटलीत साधा थर्मामीटर ठेवून मधल्या फळीवर आठवडाभर बघा, दोन-तीन अंशांचा फरक सर्रास निघतो. मागे आणि बाजूला उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडा. काचेच्या दारावर ऊन येऊ देऊ नका, आणि कपडे धुण्याच्या मशीनला खेटून ठेवू नका. दमटपणा ६५ ते ७५ टक्के असावा. उन्हाळ्यात कोरडं वाटलं तर तळाशी वाटीभर पाणी. पावसाळ्यात उलट लेबलांवर बुरशी येते, ती वाइनला अपाय करत नाही, पण लेबल वाचायला उरावं म्हणून बाटलीभोवती पातळ प्लॅस्टिक गुंडाळून ठेवतात.

वीज गेली तर दार उघडायचं नाही, एवढंच. भरलेला कूलर दोन-तीन तासांत फारसा तापत नाही, कारण आतल्या वाइनच्याच वजनात गारवा साठलेला असतो. उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरल्या तर हे आणखी सोपं होतं. आठ-दहा तास वीज जाणाऱ्या भागात मात्र कूलर इन्व्हर्टरवर घ्या.

कूलर येईपर्यंत घरचा फ्रीज चालेल. कपाटातल्या ३४ अंशांपेक्षा फ्रीजमधले पाच अंश केव्हाही चांगले. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवायची. चार-सहा महिने ठीक. त्यापुढे नको: हवा कोरडी, कॉम्प्रेसरची थरथर, आणि इतक्या थंडीत वाइनचं वय जवळजवळ थांबतं, मग ठेवण्याचा हेतूच उरत नाही. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून, आणि लेबल वर करून, म्हणजे साका (तळाला बसणारा गाळ) कायम एकाच बाजूला बसतो.

पाच बाटल्यांचा हिशेब मी असा मांडेन. मेमधल्या खेपेची असेल तर ती एक येत्या थंडीत, वर सांगितलेल्या परीक्षेसाठी. मग २०२९ मध्ये एक. ती मोकळी झालेली आढळली तर पुढची २०३१ ला. अजून आवळलेली असेल तर सरळ २०३२-३३ पर्यंत हात लावू नका. शेवटच्या दोन २०३४ ते २०३७ मध्ये. कायेरेची ही वाइन एवढा काळ सहज काढेल, ठेवण नीट असेल तर. साध्या गावाच्या नावाच्या व्होल्नेला इतकं थांबवू नये. ती पाच ते दहा वर्षांत संपवावी. आणि हे गणित पांढऱ्या बर्गंडीला लावू नका. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पुष्कळ पांढऱ्या बाटल्या अकाली काळवंडल्या. त्या बाबतीत थोडं आधी पिणंच शहाणपणाचं.

उघडायच्या दोन दिवस आधी बाटली कूलरमध्येच उभी करा. पिनो न्वारचा साका पिठासारखा बारीक असतो, एकदा ढवळला की तासाभरात बसत नाही, आणि तोंडात कडू लागतो. टोपण ओठाच्या खालच्या कंगोऱ्याशी कापा, मान ओल्या फडक्याने पुसा. दहा-बारा वर्षांपर्यंत साधा कॉर्कस्क्रू पुरतो, फक्त मळसूत्र सरळ मधोमध घाला आणि शेवटचा सेंटिमीटर हाताने, फिरवत काढा. पंधरा वर्षांपुढच्या ठिसूळ बुचाला दोन पात्यांचं ओपनर बरं. बूच हुंगून फारसं कळत नाही. त्याची कड बघा. वाइनचा डाग खालून तीन-चार मिलिमीटर असेल तर उत्तम, वरपर्यंत ओघळ गेला असेल तर झिरपलेली.

नुसती उघडून ठेवल्याने वाइन 'श्वास घेते' ही समजूत चुकीची आहे. मानेतलं तोंड जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढंही नाही. तेवढ्यातून हवा किती लागणार? आधी १०० मि.ली. पेल्यात काढा, म्हणजे पातळी खांद्याशी येते आणि पृष्ठभाग वाढतो. दहाव्या वर्षीची आवळलेली बाटली डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या रुंद काचेच्या भांड्यात) अर्धा-पाऊण तास ठेवायला हरकत नाही. पंधरा वर्षांपुढच्या बर्गंडीला मात्र डिकँटर दाखवूच नये. तिचा वास नाजूक असतो, मोठ्या भांड्यात वीस मिनिटांत विरून जातो. सरळ बाटलीतून, एका हाताने सलग ओता, मानेमागे टॉर्च धरा, साक्याची पहिली रेघ मानेत दिसली की थांबा. तळाचे ४०-५० मि.ली. सोडायचे.

पेला मोठ्या पोटाचा, वर निमुळता, सहाशे-सातशे मि.ली.चा, त्यात वाइन ६० ते ८० मि.ली., जास्त नाही. वरची रिकामी जागा वासासाठी असते. साबणाचा अंश आणि कपाटातल्या लाकडाचा वास या दोन गोष्टी जितक्या बर्गंड्या बिघडवतात तितक्या दुसऱ्या कशानेच बिघडत नसतील. गरम पाण्याने धुवा, उलटा न ठेवता सुकवा, मग चमचाभर वाइन फिरवून ओतून द्या. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नको, हिंग-मोहरीची फोडणी दोन तास आधी उरकलेली असावी, आणि पंखा बंद किंवा मंद. पंख्याखाली पेल्यातला वास नाकापर्यंत पोचतच नाही.

पहिल्यांदा पेला न हलवता हुंगा. सगळ्यात हलके, सगळ्यात मोलाचे वास तेव्हाच मिळतात. मग दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा. काडेपेटीच्या जळक्या काडीसारखा वास आला तर घाबरू नका, तो बऱ्याचदा फिरवल्यावर उडून जातो. नखांच्या रंगाचा किंवा व्हिनेगरचा वास टिकून राहिला तर तो दोष. तबेल्याचा वास ब्रेट्टानोमायसिस या यीस्टचा. किंचित असेल तर काहींना चालतो, मला विचाराल तर व्होल्नेमध्ये तो अजिबात नको, कारण त्याखाली फुलं दबून जातात.

फळं ओळखताना युरोपीय यादी पाठ करायची गरज नाही. पिकलेलं करवंद, तुती, आणि ताज्या चेरीचा आंबटगोडपणा या आपल्या ओळखीच्या वासांनी तरुण व्होल्नेचा बराचसा भाग पकडता येतो. लवंग आणि धुराची छटा ओकच्या पिंपाची. द्राक्षांचे घड देठांसकट आंबवलेले असतील तर वाळक्या चहापत्तीसारखं काही जाणवतं. ते वयात सुंदर मुरतं. दहा-बारा वर्षांनी गुलकंदाकडे झुकणारा गुलाब येतो आणि त्यामागे पावसात कुजू लागलेला पालापाचोळा, ताजी अळंबी. फळ आणि पालापाचोळा दोन्ही एकाच वेळी हजर असतात तो काळ म्हणजे बर्गंडीचा ऐन बहर. त्यासाठीच ही सगळी ठेवाठेव.

घोट दहा-पंधरा मि.ली.चा घ्या, तोंडात आठ-दहा सेकंद घोळवा, ओठांतून किंचित हवा ओढा. जीभ पहिल्यांदा आम्ल सांगेल. ते चिंचेसारखं अंगावर येणारं नको, आमसुलाच्या सारासारखं तोंडाला पाणी सुटेल असं हवं. मग तुरटपणा. त्यासाठी आपल्याकडे सहा रसांतला एक स्वतंत्र शब्द आहे, तो नीट वापरावा. तो कुठे बसतो ते बघा. कच्च्या सुपारीसारखा हिरड्या आवळून कोरड पाडणारा तुरटपणा म्हणजे कच्चं टॅनिन, किंवा अति गार वाइन. पिकल्या जांभळानंतर जिभेवर राहते तशी बारीक, मखमली साय असेल तर टॅनिन पिकलेलं आहे आणि वयात विरघळेल. तुरटपणा भरपूर पण मधे फळच नाही, अशी वाइन ठेवून सुधारत नाही. फळ आधी संपतं, टॅनिन मागे उरतं.

आणि शेवटी, गिळल्यानंतर मोजा. बर्गंडीचं वजन पहिल्या धक्क्यात नसतं, ते मागाहून येतं. गावाच्या नावाची चांगली वाइन सहा-आठ सेकंद रेंगाळते. चांगला प्रमिए क्रू पंधराच्या पुढे जातो, आणि त्या सेकंदांत चव नुसती टिकत नाही, बदलते: फळ, मग फूल, मग खारटसर खडूसारखं काही. मिटलेल्या वाइनमध्येही ही लांबी लपत नाही. वास नाही, पण शेवट लांब, असं आढळलं तर उरलेल्या बाटल्या निर्धास्तपणे ठेवा. वासही नाही आणि शेवटही तुटका, तर पुढची लवकर उघडून बघा.

सोबत झणझणीत रस्सा ठेवू नका. तिखटाने टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही भडकतात. लोण्यावर परतलेली अळंबी, साधी भाजलेली कोंबडी, मिरी-लसणापलीकडे मसाला नसलेलं मटण चालतं.

उरलेली वाइन मोठ्या बाटलीत तशीच सोडू नका. ३७५ मि.ली.ची स्वच्छ अर्धी बाटली आधीच तयार ठेवा, उघडल्याबरोबर काठोकाठ भरून बूच लावा आणि फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी ती १५ अंशांवर आणून पुन्हा चाखा. काल गप्प असलेली आज अधिक मोकळी लागली, तर चिठ्ठीवर लिहा: 'अजून तीन वर्षं तरी'. काल बोलकी होती आणि आज विरली, तर बाकीच्या पुढच्या दोन हिवाळ्यांत संपवा.